जादा वर्ष येतं कुठून? अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलपटूची पात्रता मोजायची रीत

एक कोरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डाव्या रकान्यावर लिहा ‘घड्याळ’, उजव्यावर ‘हंगाम’. अमेरिकेतला अमुक एक पोरगा सहाव्या, सातव्या, अगदी नवव्या वर्षीसुद्धा कॉलेजकडून फुटबॉल कसा खेळतोय, याचं उत्तर या दोन रकान्यांत असतं. घोटाळा होतो तो दोन्ही हिशेब एकात कालवल्यानं.

मी सांगलीतल्या एका कॉलेजातून क्रीडा संचालक म्हणून निवृत्त झालो. हेल्मेट घालून, लांबट चेंडू काखेत धरून पळायचा हा फुटबॉल मी आयुष्यात कधी खेळलेलो नाही. आमचा फुटबॉल मिरजेचा आणि कोल्हापूरचा, पायानं खेळायचा. पण भाचा नॅशव्हिलला असतो, तो तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या सामन्यांचे व्हिडिओ पाठवत असतो. सकाळी मैदानावर येणारी पोरंही आता मोबाइलवर ते बघतात आणि विचारतात, “सर, ह्यो अजून कॉलेजातच कसा ओ? नापास होतोय काय?” नापास होत नाही. उलट काहींनी पदवी कधीच घेतलेली असते आणि पुढचं शिक्षण चालू असतं, कारण खेळायचं तर कॉलेजात नाव हवंच. माझी निम्मी नोकरी पात्रतेचे फॉर्म भरण्यात गेली, त्यामुळं मला हा विषय मैदानापेक्षा कागदाचा जास्त वाटतो.

आधी घड्याळ

एनसीएए ही तिथली कॉलेज खेळांची मोठी संस्था. तिच्या सगळ्यात वरच्या गटाचा, म्हणजे डिव्हिजन वनचा मूळ नियम असा, की पाच वर्षांत चार हंगाम. पोरानं पहिल्यांदा कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ नाव घातलं, त्या दिवशी घड्याळ सुरू. पुढं कॉलेज बदललं, मधेच सोडलं, घरी बसला, तरी ते चालूच. एसटीच्या मासिक पासासारखं समजा: तुम्ही गाडीत बसा नाहीतर घरी झोपा, पासावरची तारीख काही थांबत नाही.

आपल्याकडच्या माणसाला इथं पहिली ठेच लागते ती वयाची. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या फॉर्मवर आपण आधी जन्मतारीख बघतो. पंचवीसची मर्यादा ओलांडली की विषय संपला. मग बारावी कधी पास झाला ते बघायचं. तिथं फुटबॉलला अशी वयाची वरची मर्यादा नाही. ब्रँडन वीडनचं उदाहरण घ्या. २००२ मध्ये न्यूयॉर्क यँकीज या व्यावसायिक संघानं त्याला बेसबॉलसाठी निवडलं. बेसबॉलमध्ये जमलं नाही, तेव्हा २००७ मध्ये तो ओक्लाहोमा स्टेट या विद्यापीठात फुटबॉलसाठी दाखल झाला. घड्याळ २००७ ला सुरू झालं, २००२ ला नाही. पहिलं वर्ष बाहेर बसला, मग २००८ ते २०११ असे चार हंगाम. २०१२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्स या व्यावसायिक फुटबॉल संघानं खेळाडूंच्या निवडीत पहिल्या फेरीत घेतला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. इतका मोठा बाप्या, पण जादा वर्ष एकही घेतलेलं नाही. पाच वर्षं, चार हंगाम, हिशेब चोख. तेव्हा वय ऐकून दचकू नका. पहिलं नाव कोणत्या साली घातलं तेवढं शोधा आणि डाव्या रकान्यात तिथून पुढची पाच सालं एकाखाली एक मांडा.

मग हंगाम

आता प्रत्येक सालासमोर उजवीकडं लिहायचं: १ किंवा ०. हंगाम खर्ची पडला तर १, वाचला तर ०.

पूर्वी हे सोपं होतं. सामन्यात एकदा जरी मैदानात उतरला तरी हंगाम गेला, दुखापतीचं कारण नसेल तर. नवखी पोरं म्हणूनच पहिलं वर्ष नुसता सराव करत बसायची. त्याला रेडशर्ट म्हणतात. २०१८ पासून फुटबॉलपुरता नियम सैल झाला. आता चार सामन्यांपर्यंत खेळला तरी हंगाम शाबूत, पाचव्यात उतरला की गेला. म्हणून किती मिनिटं खेळला, किती यार्ड पळाला, ते बघू नका. सामने मोजा.

हा नियम आला त्याच वर्षी त्याचा कस लागला. क्लेमसन विद्यापीठाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू, केली ब्रायंट चार सामने खेळला, जागा ट्रेव्हर लॉरेन्स या नवख्या पोराकडं गेली, आणि ब्रायंटनं सप्टेंबरातच संघ सोडला. २०१८ समोर ० पडलं, २०१९ चा हंगाम तो मिझुरीकडून खेळला. ऐन हंगामात संघ सोडणाऱ्या पोराला आमच्याकडं गावभर नावं ठेवली असती. पण प्रशिक्षक त्याची जागा देतो, तर त्यानं आपलं वर्ष वाचवलं, यात मला काही वावगं दिसत नाही.

साधारण पोराचा कागद इथंच पुरा होतो. पाच सालं, त्यात एक शून्य, चार एकं. म्हणजे घड्याळात एक वर्ष मुळातच फालतू, म्हणजे शिलकीचं, ठेवलेलं आहे. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दुखापत आणि कागद

दुखापतीमुळं हंगाम न मोजण्याची सवलत मिळायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली हवी. त्यानंतर त्या हंगामात पुन्हा खेळलेला नसावा. आणि तोपर्यंत एकूण सामन्यांच्या ३० टक्क्यांहून जास्त खेळलेला नसावा. बारा सामन्यांचा हंगाम धरला तर ३० टक्के म्हणजे ३.६. अपूर्णांक वर नेतात, म्हणजे ४.

हुशार पोरं इथं लगेच अडवतात: चार सामन्यांपर्यंत तसाही हंगाम जात नाही, मग दुखापतीचं नाव कशाला काढायचं? बरोबर आहे. उजव्या रकान्यात शून्य लिहायला डॉक्टर लागत नाही. तो लागतो डाव्या रकान्यासाठी. हंगाम वाचला तरी पासाची तारीख उलटून चाललेली असतेच, आणि ती पुढं ढकलायची असेल तर वर्ष का गेलं याचा पुरावा मागतात. प्रशिक्षकानं बसवलं म्हणून गेलेलं साल आणि गुडघा फुटला म्हणून गेलेलं साल, दोन्हींसमोर शून्यच. पण घड्याळ वाढवून मागायला गेलात की त्या दोन शून्यांची किंमत एक राहत नाही. म्हणून प्रत्येक शून्यापुढं कारण लिहून ठेवा.

पुरावा म्हणजे त्याच वेळचा कागद: दुखापत झाली तेव्हाची तपासणी, तेव्हाचा एमआरआय, तेव्हाच्या शस्त्रक्रियेची नोंद. आमच्याकडं पोरं स्पर्धा उरकल्यावर यायची. “सर, सर्टिफिकेट आणून देतो, तारीख कुठली टाकायला सांगू?” मिरज जवळ असल्यावर डॉक्टरांची काय वाण. तसला कागद तिथं उभा राहत नाही, आणि खरं सांगायचं तर इथंही राहू नये.

कागद जपायचं महत्त्व मला २०१९ च्या पुरानं नव्यानं दाखवलं. कृष्णेचं पाणी गावात शिरून गेलं आणि त्यानंतर पात्रतेचे फॉर्म भरायला पोरं ओली कागदपत्रं घेऊन यायला लागली. एकानं बारावीची मार्कशीट दोन वर्तमानपत्रांच्या मधे ठेवून वरनं इस्त्री फिरवून आणलेली. नाव वाचता येत होतं, बैठक क्रमांकही. गोल शिक्क्याचा मात्र नुसता जांभळा डाग उरलेला, आणि कडेनं लाल मातीची रेघ. बोर्डाकडून दुय्यम प्रत मिळते, पण स्पर्धेची तारीख तोवर थांबत नाही. पोरगा दणकट होता, पळायचा चांगला. त्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही.

सहावं वर्ष

घड्याळच वाढवून मागायचं असेल तर एनसीएएचा साधारण निकष असा, की खेळाडूच्या हाताबाहेरच्या कारणांनी दोन वर्षं गेलेली हवीत. दोनच का? एक गेलं तर ते मघाच्या फालतू वर्षात जिरतं. दुसरं गेलं तरच चार हंगाम पाच वर्षांत बसत नाहीत.

नऊ वर्षांचं जे उदाहरण पोरं सारखी काढतात, तो कॅम मॅककॉर्मिक. आता कागद पुढं घ्या. २०१६, ओरेगॉनला दाखल, रेडशर्ट: ०. २०१७, खेळला: १. २०१८, पहिल्याच सामन्यात पाय मोडला: ०. २०१९, पाय बरा होईना: ०. २०२०: ० (या सालाचं पुढं सांगतो). २०२१, दोन सामने आणि टाचेवरची शीर तुटली: ०. २०२२, पूर्ण खेळला: १. २०२३ ला मायामीला गेला: १. २०२४: १. डावीकडं नऊ सालं, उजवीकडं बेरीज चार. या पोरानं कुणाचं काही लाटलेलं नाही. चारच हंगाम खेळला, फक्त ते नऊ वर्षांत पसरले. त्याची चेष्टा करणारे व्हिडिओ बघितले की मला त्या पायावरच्या शस्त्रक्रिया आठवतात.

घड्याळ आणखी काही कारणांनी थांबतं. सैन्यातली नोकरी, चर्चच्या प्रचारकार्यासाठी बाहेर जाणं (युटातल्या ब्रिगॅम यंग युनिव्हर्सिटीच्या संघात म्हणूनच थोराड पोरं दिसतात), आणि खेळाडू मुलींना गरोदरपणासाठी एक वर्ष.

२०२० ची ओळ

करोनामुळं ऑगस्ट २०२० मध्ये एनसीएएनं ठरवलं, की त्या मोसमात खेळणाऱ्यांचा हंगाम मोजायचा नाही आणि घड्याळही एक वर्ष वाढवायचं. खेळला असो वा नसो, सगळ्यांना. म्हणून तुमच्या कागदावर २०२० हे साल आलं की ती अख्खी ओळ खोडा, दोन्ही रकान्यांतून. दुखापत नाही, अर्ज नाही, कोर्ट नाही, आणि पोरगा सहाव्या वर्षी खेळतोय असं दिसलं, तर दहातल्या नऊ वेळा कारण ही खोडलेली ओळ असते. २०२० मध्ये पहिल्यांदा दाखल झालेल्यांचं घड्याळ त्यामुळं २०२५ च्या हंगामापर्यंत पोचलं.

जॉर्जिया विद्यापीठाचा स्टेट्सन बेनेट बघा. २०१७ जॉर्जियात बसून काढलं: ०. २०१८ मिसिसिपीतल्या ज्युनियर कॉलेजात: १. २०१९ पुन्हा जॉर्जिया: १. २०२० खोडा. २०२१: १, राष्ट्रीय विजेतेपद. २०२२: १, पुन्हा विजेतेपद. शेवटचा सामना जानेवारी २०२३ मध्ये, वय २५. रकाने अगदी काठोकाठ भरलेले.

कोर्टाचा रस्ता

बेनेटच्या हिशेबात ज्युनियर कॉलेजचं वर्ष धरलं, ते लक्षात ठेवा. (तिथलं ज्युनियर कॉलेज म्हणजे आपली अकरावी-बारावी नव्हे, त्यानंतरचं दोन वर्षांचं कॉलेज.) ही कॉलेजं एनसीएएत नाहीत, त्यांची संघटना वेगळी. तरी तिथला हंगाम चारांत धरतात आणि घड्याळही तिथूनच सुरू होतं. यावरच भाच्याच्या नॅशव्हिलमध्ये ठिणगी पडली.

डिएगो पाविया. २०२० आणि २०२१ न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या ज्युनियर कॉलेजात. २०२२, २०२३ न्यू मेक्सिको स्टेट. २०२४ व्हँडरबिल्ट, आणि त्या ऑक्टोबरात पहिल्या क्रमांकाच्या अलाबामाला ४०-३५ नं हरवलं. मांडा: २०२० खोडलं, मग १, १, १, १. संपला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कोर्टात गेला. मुद्दा असा, की ज्युनियर कॉलेजात मला ना ती प्रसिद्धी ना ते पैसे, मग ते वर्ष माझ्या कमाईच्या वर्षांतून का कापता? १८ डिसेंबर २०२४ रोजी न्यायाधीश विल्यम कॅम्पबेल यांनी एनसीएएनं त्याला अडवू नये असा तात्पुरता मनाई हुकूम दिला. एनसीएएनं मग त्याच्यासारख्या इतरांनाही २०२५-२६ पुरती सवलत देऊन टाकली. पाविया २०२५ मध्ये खेळला आणि व्हँडरबिल्टनं इतिहासात पहिल्यांदा एका हंगामात दहा सामने जिंकले.

भाचा म्हणाला, “मामा, आता नियमच गेला.” नियम गेला नाही. मनाई हुकूम म्हणजे निकाल नव्हे, हे सांगलीत जमिनीच्या दाव्यात तारखा केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शिवाय तिथं प्रत्येक कोर्ट वेगळं बोलतं. विस्कॉन्सिनच्या नायझिअर फोरक्युरियनला फेब्रुवारी २०२५ मध्ये जिल्हा पातळीच्या कोर्टानं वर्ष दिलं आणि जुलैत वरच्या कोर्टानं तो हुकूम फिरवला. म्हणून ‘कोर्टानं वर्ष दिलं’ अशी बातमी दिसली की तीन गोष्टी बघा: कोणतं कोर्ट, कोणती तारीख, आणि वर्ष एकट्याला दिलं की सगळ्यांना. तोवर कागदावर ते शिसपेन्सिलीनं लिहा.

एवढी कोर्टबाजी आत्ताच का? पैसा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमावता येतं. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या तडजोडीनं कॉलेजंही थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. व्यावसायिक लीगमध्ये जागा मिळेलच असं नसलेल्या पोराला कॉलेजातलं एक जादा वर्ष म्हणजे कदाचित उभ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई. त्यानं वकील लावला तर नवल काय? चार हंगामांची भानगड सोडून सरळ पाच द्या, ही मागणी त्यातूनच जोर धरतेय. मला ती पटते. फॉर्म भरणाऱ्यांचे हाल तरी कमी होतील.

अर्ज करतो कोण

खेळाडू नाही. आपल्याकडं जसं पोरानं फोटो, बोनाफाईड आणि बारावीची झेरॉक्स आणून द्यायची, क्रीडा संचालकानं फॉर्म भरायचा आणि प्राचार्यांनी सही करून अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर असा मारायचा, तसं तिथं कॉलेजचं नियमपालन कार्यालय अर्ज करतं. दुखापतीच्या हंगामाचा अर्ज कॉन्फरन्सकडं, म्हणजे त्या कॉलेजांच्या गटाकडं जातो. घड्याळ वाढवायचा थेट एनसीएएकडं. दोन रकाने, दोन खिडक्या.

आता हात बसवायला एक गणित देतो. पोरगा काल्पनिक आहे. २०१९: नऊ सामने. २०२०: आठ. २०२१: दोन, दुसऱ्यात गुडघा गेला. २०२२: कॉलेज बदललं, अकरा सामने. २०२३: तीन, तिसऱ्यात दुसरा गुडघा. २०२४: बारा. २०२५ मिळेल का?

उजवीकडं १, खोडा, ०, १, ०, १. बेरीज तीन, म्हणजे एक हंगाम शिल्लक. डावीकडं २०१९ पासून पाच, त्यात २०२० चं एक मिळवून २०२४ ला घड्याळ संपलं. पण दोन्ही शून्यांपुढं कारण दुखापत, दोन्ही हंगामाच्या पहिल्या अर्ध्यातल्या, सामने चाराच्या आत. हाताबाहेरची दोन वर्षं भरली. अर्ज होतो, आणि चांगला होतो. अडचण एकच. २०२३ चे कागद आत्ताच्या कॉलेजात आहेत, २०२१ चे जुन्या. ते आधी मागवून घ्या.